वर्षानुवर्षे डाएट केल्यावर कॅलरींचा आकडा नव्याने कसा ठरवावा

दहा-पंधरा वर्षे अधूनमधून डाएट करत आलेल्या माणसाचे वजन एका ठिकाणी अडले, की त्याला बहुधा एकच उपाय सुचतो, तो म्हणजे आणखी कमी खाणे. दोन पोळ्यांची एक होते, भात बंद होतो, मग रात्रीचे जेवणच बंद होते, आणि तरीही वजनकाटा हलत नाही. या लेखात सुचवलेला क्रम याच्या उलट आहे. प्रत्यक्षात किती खाल्ले जाते ते आधी नीट मोजावे, त्या आकड्यावर शरीराला काही आठवडे स्थिर होऊ द्यावे आणि त्यानंतरच त्यातून थोडेसे वजा करावे. याला चार-पाच महिने लागतात. ज्यांनी तेच सात-आठ किलो अनेकदा घटवून पुन्हा परत मिळवले आहेत, त्यांच्यासाठी हाच मार्ग मला योग्य वाटतो.

गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या स्त्रिया, अठरा वर्षांखालील मुले आणि पूर्वी खाण्याशी निगडित मानसिक आजार झालेल्या व्यक्ती यांनी हा मार्ग स्वतःहून धरू नये. इन्शुलिन किंवा साखर झपाट्याने खाली आणणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी जेवणात बदल करण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे, कारण जेवण कमी आणि औषधाची मात्रा तीच राहिली तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. मासिक पाळी थांबणे, सतत थंडी वाजणे, चक्कर येणे, मूठभर केस गळणे अशी लक्षणे असतील तर कॅलरी कमी करण्याचा विचार बाजूला ठेवून आधी तपासणी करून घ्यावी. थायरॉइडची तपासणी तर वजन अडलेल्या प्रत्येकाने एकदा करावी. मात्र अहवाल सामान्य आल्यावर दोष थायरॉइडवर टाकू नये.

‘माझे चयापचय मंदावले आहे’ ही तक्रार नेहमी ऐकू येते आणि ती सर्वस्वी खोटी नसते. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ अन्सेल कीज यांनी ३६ निरोगी पुरुषांना चोवीस आठवडे जवळपास निम्म्या आहारावर ठेवले होते. त्यांचे वजन सुमारे पाव हिश्शाने घटले, आणि शरीराचा विश्रांतीतील ऊर्जाखर्च केवळ वजनघटीवरून अपेक्षित होता त्याहून अधिक खाली आला. ते सतत गारठलेले, थकलेले आणि अन्नाच्याच विचारात बुडालेले असत. अमेरिकेतील वजन घटवण्याच्या एका दूरचित्रवाणी स्पर्धेतील १४ स्पर्धकांचा सहा वर्षांनंतरचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्यांचा विश्रांतीतील खर्च अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरींनी कमी आढळला. ही टोकाची उदाहरणे आहेत. घरगुती डाएट करणाऱ्यांमध्ये घट सहसा याहून बरीच लहान असते, पण दिशा तीच असते. शरीर लहान झाल्याने त्याला इंधन कमी लागते, प्रथिने कमी पडल्याने स्नायू झिजलेले असतात, आणि कमी खाणारा माणूस नकळत कमी हालचाल करतो. तो जिन्याऐवजी लिफ्ट घेतो, उभ्याने करायचे काम बसून करतो.

याच प्रश्नाची दुसरी बाजूही तितकीच पक्की आहे. न्यूयॉर्कमधील, १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा लोकांची तपासणी झाली, ज्यांचे म्हणणे होते की १२०० कॅलरींहून कमी खाऊनही त्यांचे वजन घटत नाही. त्यांचे चयापचय सर्वसाधारण निघाले. मात्र प्रत्यक्ष खाणे त्यांनी नोंदवलेल्या खाण्याच्या जवळपास दुप्पट होते. त्यांना खोटे बोलणारे ठरवणे अन्यायाचे होईल. अंदाजाने खाणे मोजणे फार अवघड असते, आणि वर्षानुवर्षे मन मारून जगलेल्या माणसाला आपण खूपच कमी खातो असे मनापासून वाटत असते. म्हणून पहिले काम मोजण्याचे.

यासाठी स्वयंपाकघरात ठेवायचा एक ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा, चहाचा एक प्रमाणित चमचा आणि एक वही एवढे पुरते. सलग तीन आठवडे नेहमीसारखेच खावे, काहीही कमी करू नये आणि सगळे लिहावे. कामाच्या दिवसांइतक्याच प्रामाणिकपणे शनिवार-रविवार, हळदीकुंकू, कार्यालयातील वाढदिवसाचा केक आणि मुलांच्या ताटात उरलेला घासही लिहावा. रोज सकाळी शौचानंतर, काही खाण्यापिण्यापूर्वी वजन करावे आणि आठवड्याची सरासरी काढावी. एकेका दिवसाच्या आकड्याकडे लक्ष देऊ नये, कारण मीठ, पाळीचे दिवस, बद्धकोष्ठता किंवा आदल्या रात्रीचे उशिराचे जेवण एवढ्यानेही वजन एक-दोन किलोंनी हलते.

मराठी स्वयंपाकात चूक प्रामुख्याने तेल, तूप आणि शेंगदाण्याच्या कुटात होते, म्हणून तिथे जरा थांबायला हवे. चहाचा एक चमचा तेल म्हणजे सुमारे ४० कॅलरी. फोडणी मात्र चमच्याने मोजून घातली जात नाही, ती बाटलीतून किंवा पळीने ओतली जाते. याचा सोपा ताळा महिन्याच्या वाणसामानातून मिळतो. चार माणसांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल संपत असेल आणि सगळे सारखेच खात असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला दिवसाला सुमारे ३० ग्रॅम, म्हणजे जवळपास २७० कॅलरी येतात. वहीतील तेलाची नोंद याच्या निम्मी असेल, तर वही चुकते आहे असे समजावे. कुटाचेही असेच असते. भाजलेल्या शेंगदाण्यांच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ५७० कॅलरी असतात, त्यामुळे भेंडीच्या भाजीत वरून घातलेला भरगच्च मोठा चमचा सहज साठ-सत्तर कॅलरींची भर घालतो. कूट बंद करण्याचे काही कारण नाही. ते वहीत आले पाहिजे, एवढेच.

पोळी मोजताना कणकेच्या गोळ्याचे वजन करावे. ४५ ग्रॅमच्या गोळ्यात सुमारे २८ ग्रॅम पीठ असते आणि त्याच्या साधारण ९५ कॅलरी होतात. घडीत अर्धा चमचा तेल आणि वरून अर्धा चमचा तूप लागले की तीच पोळी १३५ च्या आसपास जाते. दोन-तीनदा गोळे तोलले की हाताला अंदाज येतो आणि नंतर रोज तोलावे लागत नाही. भाजी-आमटीसाठी रिकाम्या कढईचे वजन कढईमागे खडूने लिहून ठेवावे, आत घातलेल्या जिन्नसांच्या कॅलरींची बेरीज करावी, शिजल्यावर कढई पुन्हा तोलावी आणि आपल्या वाटीचा वाटा त्या हिशेबाने काढावा. शिजलेल्या साध्या भाताच्या १०० ग्रॅमला सुमारे १३० कॅलरी धराव्या.

उपवासांकडे वेगळे लक्ष द्यावे लागते, कारण अनेक घरांत चतुर्थी, एकादशी आणि एखादा वार धरून महिन्यातले सहा-सात दिवस उपवासाचे असतात आणि ते मनातल्या मनात कमी खाण्याच्या खात्यात जमा होतात. ६० ग्रॅम साबुदाणा, २५ ग्रॅम दाण्याचे कूट, दीड चमचा तूप आणि थोडा बटाटा घातलेली खिचडीची बशी साधारण साडेचारशे कॅलरींची होते. तिच्यात प्रथिने येतात ती जवळपास फक्त दाण्यांतून, त्यामुळे दोन तासांत पुन्हा भूक लागते. उपवास मोडू नये, पण त्या दिवशी दही, ताक, दूध आणि चालत असेल तर राजगिरा यांना ताटात जागा द्यावी.

तीन आठवड्यांच्या नोंदीतून काय निघते ते एका कल्पित उदाहरणावरून पाहू. ४६ वर्षांची, १५८ सेंटिमीटर उंचीची, ७२ किलो वजनाची आणि बैठे काम करणारी एक स्त्री आपण बाराशे कॅलरी खातो असे मानते. नोंदीत सोमवार ते शुक्रवार सरासरी १३५० आणि शनिवार-रविवारी सरासरी २२५० कॅलरी निघतात. आठवड्याची बेरीज ११,२५० आणि रोजची सरासरी सुमारे १६०० होते. या काळात वजनाची साप्ताहिक सरासरी बदललेली नसेल, तर १६०० हाच तिचा स्थिर आकडा, म्हणजे ज्यावर वजन वाढतही नाही आणि घटतही नाही असा. वय, उंची आणि वजनावरून खर्चाचा अंदाज देणाऱ्या १९९० च्या मिफ्लिन-सेंट जिओर सूत्रानुसार तिचा विश्रांतीतील खर्च सुमारे १३१७ आणि बैठ्या दिनचर्येसह एकूण खर्च १८४० च्या आसपास येतो. प्रत्यक्ष आकडा दोनशे-अडीचशेने कमी दिसतो, त्यात जुन्या डाएटचा परिणाम, झिजलेले स्नायू आणि सूत्राची स्वतःची चूक हे सगळे मिसळलेले असते. सूत्र हे अंदाजासाठी असते, वही आणि काटा आपल्या शरीराचे सांगतात. जिथे दोघांत फरक पडेल तिथे वहीवर विश्वास ठेवावा.

दुसरा टप्पा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि तोच बहुतेक जण गाळतात. मिळालेला स्थिर आकडा आठवड्याभर सारखा वाटून घ्यावा आणि सहा ते आठ आठवडे रोज तेवढेच खावे. वरील उदाहरणातील स्त्रीने शुक्रवारपर्यंत १३५० वर स्वतःला ताणून शनिवारी सुटण्याऐवजी सातही दिवस १६०० खावे. ताणलेले पाच दिवसच पुढच्या दोन दिवसांची भूक तयार करतात, हे स्वतःच्या वहीत दिसले की आपल्याला संयम नाही ही खंत बरीच कमी होते. ज्यांची मोजलेली सरासरी खरोखरच बाराशेच्या आसपास आहे, त्यांनी दर आठवड्याला शंभर-दीडशे कॅलरी वाढवत न्यावे आणि वजनाची सरासरी कुठे वर सरकू लागते ते पाहावे. सुरुवातीला काटा एखाद्या किलोने वर जाईल. ती चरबी नसते. स्नायूंत आणि यकृतात साठणाऱ्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजनबरोबर (म्हणजे साखरेच्या साठ्याबरोबर) सुमारे तीन ग्रॅम पाणी येते, शिवाय आतड्यांत अन्नही थोडे जास्त असते. या वळणावर घाबरून अनेक जण पुन्हा उपाशी राहू लागतात, म्हणून हे आधीच ठाऊक असलेले बरे. उंचीने लहान, साठीच्या पुढच्या आणि मुळातच पन्नास किलोच्या आसपास असलेल्या स्त्रीचा स्थिर आकडा मात्र तेराशेच्या आतबाहेर असू शकतो. तिने कॅलरी आणखी घटवण्यापेक्षा स्नायू वाढवण्याकडे वळावे.

या आठवड्यांत दोन गोष्टी सुरू कराव्या. पहिली म्हणजे प्रथिने. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने निरोगी प्रौढासाठी प्रति किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम एवढी मात्रा सुचवली आहे. वजन घटवताना ती १.२ ग्रॅमच्या आसपास नेणे हितावह ठरते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती वाढवू नये. वरण-भातावर हा आकडा गाठता येत नाही, कारण एका माणसाच्या वाट्याच्या ३० ग्रॅम तूरडाळीत जेमतेम सहा-सात ग्रॅम प्रथिने असतात. मोड आलेल्या मटकीची दाट उसळ, सकाळी दोन अंडी, दुपारी वाटीभर दही, रात्री पनीर, सोयाबीन किंवा मासे असे प्रत्येक जेवणात काहीतरी ठेवावे लागते. दुसरी म्हणजे आठवड्यातून दोन-तीन वेळा वजने उचलण्याचा किंवा शरीराच्याच भाराचा व्यायाम. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे आणि भिंतीला टेकून जोर काढणे इथून सुरुवात करता येते. नुसत्या चालण्याने स्नायू पुरेसे टिकत नाहीत, पण चालणे सोडूही नये.

आता वजा करण्याची वेळ. स्थिर आकड्यातून १० ते १५ टक्केच कमी करावे. १६०० मधून १५ टक्के गेले की १३६० उरतात. रोजची २४० ची तूट आठवड्याला १६८० होते, आणि एक किलो चरबीमागे ढोबळमानाने ७७०० कॅलरी धरल्या तर आठवड्याला सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे महिन्याला किलोहून थोडी कमी घट अपेक्षित धरावी. पुढे ती आणखी मंदावते. हा वेग जाहिरातींतल्या वेगापुढे फारच थोडा वाटतो. मात्र एवढी लहान तूट असेल, तरच झोप, कामाचा हुरूप आणि घरच्यांबरोबरचे जेवण टिकते. ही तूट कुठून काढायची हे वहीच सांगते. बहुतेक घरांत दोन चमचे तेल, दुसऱ्या चहातली साखर आणि संध्याकाळचा फरसाण एवढ्यात ती निघते, पोळीला हात लावावा लागत नाही.

आकडा चार आठवडे बदलू नये. स्त्रियांनी पाळीच्या एका चक्रातील सरासरी मागच्या चक्रातील सरासरीशी ताडून पाहावी, कारण पाळीच्या आधीचे पाणी खरी घट पूर्ण झाकू शकते. कमरेचा घेर दर पंधरवड्याला बेंबीच्या रेषेत मोजावा. चार-सहा आठवड्यांनंतरही वजन आणि घेर दोन्ही जागचे हलले नाहीत, तर आधी आठवडाभर पुन्हा काटेकोर तोलावे आणि नोंद बरोबर निघाली तरच आणखी शंभर कॅलरी कमी कराव्या. झोप सहा तासांच्या खाली जात असेल किंवा चिडचिड वाढत असेल, तर मात्र आकडा घटवू नये.

आठ ते बारा आठवड्यांच्या तुटीनंतर किमान दोन आठवडे पुन्हा स्थिर आकड्यावर यावे. हा आकडा आता थोडा खाली आलेला असेल, म्हणून दर चार-पाच किलोंच्या घटीनंतर तो नव्याने काढावा. ही विश्रांती पंचांग पाहून आधीच ठरवणे सोयीचे असते. गणपतीचे दिवस, दिवाळीचा पंधरवडा किंवा घरातले लग्न या काळात तूट ठेवूच नये, त्या दिवसांत स्थिर आकडा हेच ध्येय असावे. फराळाची चकली नेहमीच्या चार वाजताच्या खाण्याच्या जागी घ्यावी, वहीत लिहावी, आणि तुटीची पुढची फेरी तुळशीच्या लग्नानंतरच्या सोमवारी सुरू करावी.