जॉयस्टिक बिघडलेली नाही, मॅपिंग तपासा: या चुका टाळा

फ्लाइट सिम्युलेटर नव्यानं खेळू लागलेल्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते: "नवीन जॉयस्टिक घेतली, पण विमान आपोआप एका बाजूला जातं." मग ते डेडझोन (मध्याजवळचा, खेळ ऐकत नाही तो भाग) वाढवतात, त्यानं भागलं नाही की कॅलिब्रेशन करतात, म्हणजे दांड्याचा मध्य आणि टोकं कॉम्प्युटरला नव्यानं दाखवतात, आणि शेवटी जॉयस्टिक परत करायला निघतात. यातल्या बहुतेक जॉयस्टिक ठणठणीत असतात. चूक असते ती मॅपिंगमध्ये, म्हणजे जॉयस्टिकची कुठली हालचाल खेळात कुठलं काम करते या जुळणीत, आणि ती शोधायला पंधरा मिनिटं शांत बसावं लागतं. तेवढा धीर बऱ्याच जणांकडे नसतो, हे बघून खरंच वाईट वाटतं.

खेळ उघडण्याआधी सिग्नल न बघणं

विंडोजमध्ये 'रन'च्या चौकटीत जॉय डॉट सीपीएल (joy.cpl) टाकलं की गेम कंट्रोलर्सची खिडकी उघडते. प्रॉपर्टीजमध्ये जा आणि दांडा हळूहळू चारही टोकांना फिरवा. सोडल्यावर फुली मधोमध येते का, टोकापर्यंत जाते का, हात न लावता थरथरते का, हे बघा. ट्विस्ट (दांडा पिळणं) आणि थ्रॉटलचंही (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारी दांडी) तेच. लिनक्सवर हेच काम जेएसटेस्ट-जीटीके करतं. इथे सगळं नीट दिसत असेल तर दोष जॉयस्टिकचा नाही, पुढच्या कुठल्या तरी थरातला आहे. हे आधी ठरल्याशिवाय मी खेळातल्या एकाही सेटिंगला हात लावत नाही.

एकाच कामाला दोन ॲक्सिस

सगळ्यात जास्त छळणारी चूक हीच. ॲक्सिस म्हणजे उपकरणाची एकेक मोजली जाणारी हालचाल. डीसीएससारखा (लढाऊ विमानांचा सिम्युलेटर) खेळ नवीन उपकरण दिसलं की त्याच्या ॲक्सिसना स्वतःच कामं वाटून टाकतो. जॉयस्टिकला पिच (नाक वर-खाली) आणि रोल (पंख डावी-उजवीकडे कलणं) मिळतो, पण वेगळा थ्रॉटल जोडला असेल तर त्याच्याही ॲक्सिसला तीच कामं मिळू शकतात. रडरच्या (नाक डावी-उजवीकडे वळवणारी शेपटीची झडप) पायाच्या पेडलना मिळू शकतात, आणि टेबलाखाली पडून असलेल्या रेसिंगच्या स्टिअरिंगलाही.

एका मित्रानं वैतागून फोन केला होता. त्याचं एफ/ए-१८ हे लढाऊ जेट धावपट्टीवर सरळ धावतच नव्हतं, वेग घेतला की उजवीकडे गवतात. डेडझोन वाढवत वाढवत त्यानं इतका नेला होता की दांडा बराच कलेपर्यंत विमान दाद देत नव्हतं. कॅलिब्रेशन करून झालं होतं आणि आता विंडोज नव्यानं टाकायची भाषा चालू होती. त्याला स्क्रीन दाखवायला सांगितली. जॉय डॉट सीपीएलमध्ये फुली अगदी मधोमध, ट्विस्टची पट्टीही बरोबर अर्ध्यावर. म्हणजे जॉयस्टिक निर्दोष. मग खेळातलं ॲक्सिसचं पान उघडायला लावलं. रडरच्या ओळीत जॉयस्टिकच्या रकान्यात ट्विस्ट होता, तो बरोबरच. पण पान उजवीकडे सरकवल्यावर आणखी एक रकाना दिसला, गाडीच्या स्टिअरिंग सेटचा, आणि त्यातही रडर भरलेला! गाडीचं पेडल सोडलेलं असताना त्याचा आकडा मधोमध नसतो, टोकाला असतो. त्यामुळे कोणी पाय न लावताही विमानाला पूर्ण उजवा रडर मिळत होता. तो रकाना पुसला आणि विमान सरळ धावलं. नंतरचा वेळ गेला तो आधीच्या 'उपायां'नी बिघडवलेली सेटिंग्ज पूर्ववत करण्यात.

म्हणून माझी सवय अशी: नवीन उपकरण जोडलं की खेळानं त्याला दिलेले सगळे ॲक्सिस आधी पुसायचे, रकाना पूर्ण रिकामा करायचा आणि मग हवं तेवढंच स्वतः भरायचं. डीसीएसमध्ये प्रत्येक विमानाचं मॅपिंग वेगळं असतं, त्यामुळे हे प्रत्येक विमानासाठी करावं लागतं. कंटाळवाणं आहे, पण याला आडवाट नाही.

एक खुलासा इथेच करतो. एका इंजिनाचं पंख्याचं विमान टेकऑफला डावीकडे ओढत असेल तर तो बहुधा दोष नसतो. कॉकपिटमधून बघताना पंखा उजवीकडे फिरत असला की इंजिनाच्या टॉर्कमुळे आणि पंख्यामागच्या हवेच्या झोतामुळे विमान डावीकडे जातंच. खऱ्या वैमानिकालाही तिथे उजवा रडर द्यावा लागतो. शंका असेल तर तीच चाचणी जेट विमानात करा.

डेडझोनची मलमपट्टी

डेडझोन म्हणजे दांड्याच्या मध्याभोवतीचा असा भाग, जिथली हालचाल खेळ ऐकतच नाही. दहा बिटांच्या ॲक्सिसला एकूण १०२४ पायऱ्या मिळतात, म्हणजे मध्यापासून एका बाजूला ५१२. तिथे दहा टक्के डेडझोन लावला की प्रत्येक बाजूच्या साधारण ५१ पायऱ्या गेल्या. आणि गेल्या त्या नेमक्या मधल्या. दुसऱ्या विमानाच्या पंखाला पंख लावून उडताना किंवा हवेत इंधन भरताना हाताच्या सगळ्या हालचाली याच पट्ट्यात होतात. विमान काही करत नाही म्हणून दांडा आणखी ढकलला जातो आणि मग ते एकदम उसळी मारतं. लोक याला 'जॉयस्टिक फार सेन्सिटिव्ह आहे' म्हणतात आणि डेडझोन अजून वाढवतात.

थरथर असेल तर आधी ती कुठून येते ते शोधा. स्वस्त जॉयस्टिकमध्ये हालचाल मोजायला पोटेन्शिओमीटर असतात. त्यांचा घासणारा भाग झिजतो, धूळ बसते आणि आकडा उड्या मारू लागतो. हॉल सेन्सर चुंबकावर चालतात, घासत नाहीत, म्हणून जास्त टिकतात. पण खोक्यावरचं वाचून सगळेच ॲक्सिस तसे असतील असं धरू नका. टी.१६०००एम या जॉयस्टिकमध्ये पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे चुंबकी सेन्सर आहेत, ट्विस्टला मात्र साधा पोटेन्शिओमीटर. तिथे ट्विस्टपुरता छोटा डेडझोन द्या, बाकीच्यांना शून्यावर ठेवा. पोटेन्शिओमीटर साफ करायचा तर इलेक्ट्रॉनिक्सचा कॉन्टॅक्ट क्लीनर वापरा. बिजागरीला मारायचा तेलकट स्प्रे अजिबात नको, त्यावर धूळ चिकटून बसते.

मी दोन-तीन टक्क्यांच्या वर जात नाही. मध्याजवळ हात मवाळ हवा असेल तर त्यासाठी कर्व्ह आहे, म्हणजे दांडा किती हलला की विमानानं किती दाद द्यायची हे ठरवणारी सेटिंग. डीसीएसमध्ये १५ च्या आसपास सुरुवात करा. मध्य जितका मवाळ कराल तितकी टोकं तिखट होतात, हे लक्षात ठेवून थोडं थोडं वाढवा.

घाईघाईत कॅलिब्रेशन

विंडोजच्या कॅलिब्रेशनमध्ये दांडा टोकापर्यंत नेला नाही तर तेच अर्धवट टोक खरं धरलं जातं. बऱ्याच नव्या जॉयस्टिक आपलं कॅलिब्रेशन स्वतः सांभाळतात, त्यांना याची गरजच नसते. करून बसला असाल तर त्याच खिडकीत 'रीसेट टू डीफॉल्ट' आहे. ते दाबा, जॉयस्टिक काढून परत जोडा.

बाकीच्या, थोडक्यात

खेळात जॉयस्टिकऐवजी एक्सबॉक्स कंट्रोलर दिसत असेल तर बहुधा स्टीमनं (खेळ विकत घेऊन चालवायचं सॉफ्टवेअर) मध्ये हात घातलाय. त्या खेळाच्या प्रॉपर्टीजमध्ये स्टीम इनपुट बंद करा.

थ्रॉटल पुढे नेल्यावर इंजिन मंदावत असेल तर ॲक्सिस इन्व्हर्ट (उलटा) करा, पण एकाच ठिकाणी: कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा खेळात. कर्व्हचंही तसंच. दोन्हीकडे लावला की एकावर एक चढतो आणि मग कुठला दोष कुठला ते उमगत नाही.

पिच उलटा करू नका. दांडा मागे ओढला की नाक वर, हीच खरी रीत आहे. आठवडाभर अवघड वाटेल, वाटू दे.

दुसऱ्याचं तयार प्रोफाइल उतरवून घेऊ नका. कुठलं बटण कुठे ठेवलं हे तुमच्या बोटांना स्वतः ठरवू द्या. ट्रिम (दांडा सतत धरून न ठेवता विमान सरळ ठेवायची सोय) हॅट स्विचवर, म्हणजे दांड्यावरच्या चारही दिशांना ढकलता येणाऱ्या बटणावर, ठेवा, शस्त्रांचं नंतर बघता येईल.

खेळताना जॉयस्टिक मध्येच गायब होत असेल तर ती स्वतःचा वीज ॲडॅप्टर नसलेल्या यूएसबी हबवरून काढून थेट कॉम्प्युटरला लावा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवण्याची खूणही काढा. आणि खेळ सुरू करण्याआधी जोडा, नंतर नाही.

सगळं जमलं की मॅपिंगची एक प्रत वेगळी ठेवा. डीसीएसची 'सेव्ह्ड गेम्स'मध्ये डीसीएसच्या फोल्डरात, कॉन्फिग आणि त्याखाली इनपुटमध्ये असते. फाइलच्या नावात उपकरणाचा लांबलचक ओळख क्रमांक असतो. तो कधी बदलला तर खेळाला तीच जॉयस्टिक नवीन वाटते आणि रकाना पुन्हा आपोआप भरलेला दिसतो. तेव्हा जुनी फाइल नव्या क्रमांकाच्या नावानं ठेवली की मॅपिंग परत मिळतं.