तांबड्या रश्श्याला कोणती वाइन? आधी या चुका टाळा

"भावा, ही वाइन हाय का चिंचेचं पाणी?"

माझ्या मित्राचं कोल्हापूरच्या उद्यमनगरात मशीन शॉप आहे. कामासाठी जर्मनीला गेला होता, वहिनीही सोबत होत्या. परतताना मोझेल नदीच्या काठावर, बर्नकास्टेलजवळच्या एका वायनरीतून त्यानं चार बाटल्या आणल्या. माणशी दोन लिटरपर्यंत दारू ड्यूटी न भरता आणता येते, म्हणजे ७५० मिलीच्या दोनच बाटल्या. वहिनी होत्या म्हणून चार झाल्या. एक रीसलिंग ट्रॉकेन, एक रीसलिंग काबिनेट (रीसलिंग हे पांढऱ्या वाइनचं द्राक्ष), एक श्पेटबुर्गुंडर (आपण ज्याला पिनो न्वार म्हणून ओळखतो ती रेड), आणि एक फसफसणारी झेक्ट.

मे महिना, गच्ची, मटणाचं ताट. एका रात्रीत चारही उघडल्या आणि चारही आमच्याच हातानं वाया घालवल्या. पुढच्या वर्षी त्यानं तशाच चार परत आणल्या तेव्हा जरा शहाणपणानं वागलो. मधल्या काळात जे कळलं ते लिहितोय. आपल्याकडं 'वाइन शॉप' अशी पाटी असलेल्या दुकानात वाइन सोडून सगळं खपतं, त्यामुळं विचारायचं तरी कुणाला?

मटण म्हटलं की रेड

ही पहिली आणि सगळ्यात महाग चूक. 'लाल मटणाला लाल वाइन' हा नियम ज्यांनी केला त्यांच्या ताटात मीठ-मिरपुडीवर भाजलेलं मांस असतं. आपल्या ताटात कांदा-लसूण चटणी असते.

आम्ही श्पेटबुर्गुंडर उघडली, तांबड्याचा एक भुरका मारला आणि वर वाइनचा घोट घेतला. जिभेवर आगीचा लोळ, आणि मागनं हिरवं जांभूळ चावल्यासारखं तोंड आवळलं. फळाची चव, सुगंध, काही म्हणजे काही नाही. मित्र म्हणाला, "पैसे गेले."

कारण सरळ आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन आपल्या तोंडातल्या ज्या चेतातंतूंना डिवचतं, ते मुळात उष्णता ओळखण्यासाठी असतात. एरवी साधारण ४२ अंशांच्या पुढं ते 'भाजतंय' म्हणून ओरडतात. अल्कोहोल मिळालं की हीच पातळी ३४ अंशांच्या आसपास उतरते, असं प्रयोगशाळेत दिसलंय. आपलं अंग ३७ अंशांचं. म्हणजे तोंडातली नेहमीची ऊबच चटका वाटायला लागते. त्यात रेडमधलं टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या सालीतला तुरटपणा, तोंड कोरडं करतं. तिखटावर तिखट, वर कोरड.

म्हणून मांसाचा रंग बघू नका, ताटात चटणी किती पडलीय ते बघा. जाळ जास्त असेल तर वाइन कमी अल्कोहोलची, किंचित गोड आणि चांगली गार हवी. त्या चारांत अशी काबिनेट होती: ८ टक्के अल्कोहोल, थोडी साखर, आणि लिंबासारखा लख्ख आंबटपणा. दुसऱ्या वर्षी तांबड्यासोबत तीच घेतली. जाळ गेला नाही, जायलाही नको, पण घोटाघोटाला जीभ मोकळी होत होती.

रेडवर बंदी नाही. सुक्कं मटण खोबरं आणि खड्या मसाल्यावर केलं, चटणीचा हात आखडता ठेवला, तर श्पेटबुर्गुंडर छान बसते. मोझेलची ही रेड अंगानं हलकी असते, टॅनिन बेताचं. पण गार करून. त्याकडं येतोच.

लेबल न वाचता बाटली फोडणं

मित्राला वायनरीत सांगितलं होतं, ही गोड, ती कोरडी. कोल्हापुरात येईपर्यंत कुठली कोणती हे विसरला होता. मग ट्रॉकेन तांबड्याला गेली आणि वरचं 'चिंचेचं पाणी' हे वाक्य जन्माला आलं.

ट्रॉकेन म्हणजे कोरडी, साखर जवळजवळ नाही. हा शब्द लेबलवर नसेल तर अल्कोहोलचा आकडा बघा. द्राक्षाच्या रसातल्या साखरेचं यीस्ट अल्कोहोल करतं. आंबवणं मध्येच थांबवलं तर साखर उरते आणि अल्कोहोल कमी राहतं. त्यामुळं रीसलिंगवर ७.५ ते ९ टक्के दिसलं की ती गोडसर असणार, १२ च्या आसपास किंवा वर दिसलं की बहुतेक कोरडी. जर्मन येत नसलं तरी हा आकडा वाचता येतो.

काबिनेट, श्पेटलेझे, आउसलेझे हे चढत्या पायऱ्यांचे शब्द मात्र फसवतात. श्पेटलेझेचा अर्थ उशिराची तोडणी. ऊसवाल्याला हे पटकन कळेल. तोडीआधी आपण फडात रिफ्रॅक्टोमीटर लावून ब्रिक्स बघतो, तसं तिकडं तोडलेल्या द्राक्षाच्या रसाची साखर मोजतात आणि त्यावरून ही पायरी ठरते. ती साखर रसातली. वाइनमध्ये तिच्यातली किती उरली, हा वेगळा प्रश्न. म्हणून 'श्पेटलेझे ट्रॉकेन' अशी वरवर उलटसुलट वाटणारी बाटलीही मिळते: उशिरा तोडलेली, पण पूर्ण आंबवलेली, कोरडी.

आणि तो आंबटपणा? तो त्या मुलखाचा. मोझेल ५० अक्षांशाच्या आसपास, कोल्हापूर १६ च्या थोडं वर. तिकडं रीसलिंग सावकाश पिकतं, तोडणी ऑक्टोबरपर्यंत जाते. थंडीत द्राक्षातलं आम्ल टिकून राहतं. नदीकाठचे उतार इतके उभे, की कालमाँटसारख्या ठिकाणी ६० अंशांच्या पुढं चढ आहे. सगळी तोडणी हातानं. पायाखाली काळपट स्लेटच्या चिपा, दिवसा तापतात आणि रात्री वेलांना ऊब देतात. इतकी मारामार करून जे आंबट आलं त्याला आम्ही चिंचेचं पाणी म्हणालो. असो.

रूम टेंपरेचर आणि बर्फाचे खडे

'रेड वाइन रूम टेंपरेचरला प्यावी.' कुणाच्या रूमच्या? जुन्या युरोपातल्या दगडी घरात १६-१८ अंश असतात. मे महिन्यात आमच्या गच्चीवर रात्री नऊलाही ३० च्या वर होते. कोमट रेडमध्ये अल्कोहोलच नाकात जातं. अशी हलकी रेड १४ अंशांच्या आसपास हवी, म्हणजे आपल्याकडं फ्रिजमध्ये पाऊण तास. रीसलिंग ८ ते १०, झेक्ट ६ ते ८, यांना तीन तास तरी द्या.

पाहुणे दारात आणि बाटली बाहेर, असं झालं तर बादली घ्या. नुसत्या बर्फात बाटली खुपसू नका, खड्यांच्या मध्ये हवा राहते. बर्फ, तेवढंच पाणी आणि दोन मुठी खडे मीठ. पॉटमधलं आईस्क्रीम घरी फिरवलेल्यांना मिठाचं काम सांगायला नको. वीस मिनिटांत बाटली गार. फ्रीझरमध्ये टाकून विसरू नका. आमची झेक्ट तशीच गेली, बूच वर आलं आणि फेस मटारच्या पिशव्यांवर. अशा बाटलीत गाडीच्या टायरपेक्षा जास्त दाब असतो, म्हणून उन्हात उभ्या गाडीच्या डिकीतही ती ठेवू नये.

ग्लासात बर्फाचे खडे ही व्हिस्कीची सवय. वाइन पाणचट होते. सोड्याचं मात्र वेगळं आहे. जर्मन लोक स्वतःच वाइनमध्ये सोडा घालून पितात, त्याला वाइनशोर्ले म्हणतात. मे महिन्यात ट्रॉकेन अर्धी आणि सोडा अर्धा. कुणी नाक मुरडलं तर हे नाव सांगा.

पांढऱ्याला दुय्यम समजणं

कोल्हापुरात जेवायला बसल्यावर सगळ्यांचं लक्ष तांबड्याकडं. वाइनच्या बाबतीत ताटातला राजा पांढरा रस्सा आहे. मटणाचं अळणी (मटण शिजवल्याचं बिनतिखट पाणी), नारळाचं दूध, काजू, तीळ, खसखस, वर मिरे, दालचिनी, वेलची. तिखट जवळजवळ नाही, स्निग्धता भरपूर. तीच ट्रॉकेन, जी तांबड्यासमोर चिंचेचं पाणी वाटली होती, पांढऱ्यासमोर बसवली आणि मित्र गप्प झाला. रश्श्याचा तुपट थर जिभेवर बसतो, वाइनचं आम्ल तो धुऊन काढतं, परत भुरका मारावासा वाटतो. वाडग्यातला रस्सा गरम, ग्लास गार. वहिनींनी पांढरा तिसऱ्यांदा मागितला, जे त्या कधी करत नाहीत.

झेक्टसाठी स्टार्टर शोधत बसू नका. जयसिंगपूरचं भडंग घ्या. मीठ, लसूण, कुरकुरीतपणा आणि बुडबुडे. मासे असतील तर रेड लांब ठेवा. रेडमधल्या लोहामुळं माशाचा वास तोंडात रेंगाळतो.

ताटातली बाजूची मंडळी

कच्चा कांदा वाइनला मारतो. घोटाच्या आधी कांद्याची फोड चावली की पुढची पाच मिनिटं सगळ्या वाइन सारख्याच. कांदा बाजूला ठेवा, सोडवत नसेल तर थोडा वेळ मिठाच्या पाण्यात घालून पिळून घ्या.

लिंबाची मात्र मदत होते. जेवणात आंबट आणि मीठ असलं की वाइनचा आंबटपणा मवाळ लागतो. रीसलिंग फारच झोंबतेय असं वाटलं तर सुक्क्यावर लिंबू पिळा आणि परत घोट घ्या, फरक लगेच कळतो. तांबडा हाताबाहेर तिखट झाला आणि बाटली उघडून बसलीय, तर दोन चमचे दही खा. दुधातलं केसीन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरून नेतं. पाण्यानं ते हलत नाही.

गोडाचा एकच नियम: वाइन पदार्थापेक्षा गोड हवी. पुरणपोळीसोबत काबिनेट दिली तर पोळी जिंकते आणि वाइन आंबटढाण लागते. तिथं आउसलेझे किंवा त्याच्याही वरची लागेल. ती नसेल तर दूध-तूप आहेच.

चांगली बाटली खराब समजून ओतून देणं

ट्रॉकेनच्या तळाशी पांढरे चमकदार कण दिसले. "काच फुटली का काय आत?" म्हणून मित्र मोरीत ओतायला निघाला होता. ते टार्टारिक आम्लाचे क्षार. थंड मुलखातल्या वाइनमध्ये हे आम्ल जास्त, फ्रिजमध्ये त्याचे स्फटिक तळाला बसतात. हेच आम्ल आपल्या चिंचेत असतं, तेव्हा त्या रात्रीची शिवी अगदीच हवेतली नव्हती. बाटली सरळ उभी ठेवा, शेवटचा बोटभर घोट सोडा.

जुन्या रीसलिंगला रॉकेल-पेट्रोलसारखा वास येतो. तोही दोष नाही, त्या द्राक्षाची ओळखच आहे. कोवळ्या वाइनमध्ये जिभेला बारीक चुरचुर जाणवली तर तो उरलेला कार्बन डायऑक्साइड. फिरकीचं झाकण बघून वाइन हलकी समजू नका. न्यूझीलंडच्या बहुतेक वाइन त्याच झाकणाच्या असतात.

खरा दोष वासावर ओळखा. पावसात भिजलेल्या पुठ्ठ्याचा, कुबट वास आला तर बूच बाधलंय. व्हिनेगर किंवा नेलपॉलिश रिमूव्हरचा भपकारा आला तर ती आंबून गेली. दोन्हींवर उपाय नाही. उघडलेली चांगली बाटली मात्र बूच लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस राहते. ओट्यावर ठेवलीत तर नाही.

जर्मनीला जाणारा मित्र नसेल तर नाशिकची शनँ ब्लाँ किंवा सोव्हिन्यो ब्लाँ ही पांढरी वाइन घ्या. तो उष्ण मुलूख आहे. वेली हिवाळ्यात झोपत नाहीत, वर्षातून दोनदा छाटणी करावी लागते, तोडणी जानेवारी ते मार्च. आम्ल मोझेलइतकं धारदार नसतं, पण पांढऱ्या रश्श्याला शनँ चालते. तांबड्यासाठी लेट हार्वेस्ट (उशिरा तोडलेल्या द्राक्षांची, गोडसर) शनँ बघा, चांगली गार करून.

आणि मिसळ. मित्रानं दुसऱ्या वर्षी हट्टानं कटासोबत काबिनेट लावून बघितली. कट, फरसाण, कच्चा कांदा, पाव. चार घोटांनंतर ग्लास बाजूला सरकवून त्यानं ताक मागवलं. मी तर सुरुवातीलाच मागवलं होतं.

आता दिवाळीनंतर तो परत जातोय. वहिनी सोबत जाणार का, ते अजून ठरायचंय. त्या नसल्या तर दोनच बाटल्या येणार. दोन्ही काबिनेटच आण म्हणून सांगून ठेवलंय.