अंड्याच्या टरफलांपासून घरच्या घरी कॅल्शियमची पूड

कोंबडीच्या अंड्याचं टरफल म्हणजे जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेट, साधारण ९५ टक्के. औषधाच्या दुकानातल्या साध्या कॅल्शियमच्या गोळ्यांतही बहुधा हेच असतं. फार्मच्या अंड्याचं वाळलेलं टरफल साडेपाच ग्रॅमच्या आसपास भरतं, गावरान कोंबडीचं त्याहून हलकं, चार-साडेचार. पांढरं असो की तपकिरी, रंगाने फरक पडत नाही. वजनाच्या सुमारे ३८ टक्के निव्वळ कॅल्शियम धरलं तर एका टरफलात २ ग्रॅम झालं. मोठ्या माणसाला दिवसाला लागतं १ ग्रॅम, म्हणजे १००० मिलिग्रॅम, आणि त्यातलंही बरंचसं जेवणातून येतं. म्हणून ही पूड चमचाभर उचलून खायची नाही, वजन करूनच घ्यायची.

टरफलं फक्त आपल्या घरची घ्या. आम्लेट-पावच्या गाडीवरून किंवा लग्नाच्या जेवणावळीतून गोळा केलेली नकोत. ती किती वेळ कुठे पडली होती आणि कशात मिसळली होती हे कळत नाही. विष्ठा चिकटलेली किंवा आधीच तडा गेलेल्या अंड्याची टरफलंही टाकून द्या. अंडं फोडल्यावर लगेच टरफल गार पाण्याखाली धरून आतला पांढरा बलक बोटाने काढून टाका. साबण लावू नका, कारण टरफलाला हजारो बारीक छिद्रं असतात आणि साबण त्यांत मुरतो. आतला पातळ पापुद्रा सोलत बसायची गरज नाही. धुतलेली टरफलं झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजरमध्ये साठवा आणि १२ जमली की कामाला लागा. त्याहून फार कमी असली तर मिक्सरचं पातं त्यांना नीट पकडत नाही.

मोठ्या पातेल्यात टरफलं बुडून वर चार बोटं राहील एवढं पाणी घ्या. पाण्याला खळखळून उकळी आली की टरफलं सोडा, आणि पुन्हा उकळी फुटल्यापासून १० मिनिटं मोजा. ही पायरी साल्मोनेलासारख्या जंतूंसाठी आहे, तिला फाटा देऊ नका. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचावर असल्यामुळे इथे पाणी ९७-९८ अंशांनाच उकळतं, पण जंतू मरायला ते भरपूर झालं. वर पांढरा फेस येईल. तो उरलेल्या बलकाचा असतो, झाऱ्याने काढून टाका. शाळेच्या डब्यातून किंवा घरच्या उकडलेल्या अंड्यांतून आलेली टरफलंही पुन्हा उकळायची, कारण सोलताना त्यांना चार हात लागलेले असतात.

आता वाळवणं. पूड बिघडते ती बहुतेक वेळा इथेच. बेळगाव जिल्ह्याच्या कोरड्या भागात, अथणी-चिकोडीकडे, एप्रिल-मेच्या उन्हात गच्चीवर पातळ कापडाखाली पसरलेली टरफलं दिवसभरात खडखडीत होतात. खानापुरात किंवा बेळगाव शहरात जून ते सप्टेंबर उन्हाचा भरवसा धरू नका. हवेतच इतका दमटपणा असतो की बाहेरून कोरडं दिसलेलं टरफल आतून ओलं राहतं. तेव्हा ओव्हन असेल तर १०० अंशांवर २० मिनिटं ठेवा. नसेल तर जाड बुडाच्या तव्यावर अगदी मंद आचेवर १०-१५ मिनिटं हलवत राहा. एक तुकडा बोटांत दाबला की कटकन मोडला आणि पापुद्रा कागदासारखा कुरकुरीत झाला, की झालं. केस जळल्यासारखा वास आला तर आच जास्त आहे. पापुद्र्यातलं प्रथिन करपतं आणि तो वास पुडीतून नंतर काही केल्या जात नाही.

चुलीच्या निखाऱ्यात टरफलं घालून राख करण्याचा प्रयोग मात्र करू नये. फार तापलं की कॅल्शियम कार्बोनेटचा कळीचा चुना होतो आणि तो तोंड, अन्ननलिका भाजून काढतो. आयुर्वेदात कुक्कुटांडत्वक् भस्म, म्हणजे अंड्याच्या टरफलाचं भस्म, आहे, पण ते जाणकाराने विधीपूर्वक करायचं औषध, चुलीवरचं काम नव्हे. पानाला लावायचा चुना कॅल्शियम म्हणून खाण्याचा सल्लाही काही जण देतात. तोही दाहक आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका.

टरफलं पूर्ण गार होऊ द्या, नाहीतर भांड्यात वाफ धरून गोळे होतात. हाताने चुरून मिक्सरच्या स्टीलच्या चटणीच्या भांड्यात घाला. प्लॅस्टिकचं नको, त्याला ओरखडे पडून प्लॅस्टिकच पुडीत येतं. २०-३० सेकंद फिरवा, थांबा, भांडं हलवा, पुन्हा फिरवा, असं चार-पाच वेळा. झाकण लगेच उघडू नका, दोन मिनिटं धूळ खाली बसू द्या, आणि नाकाला रुमाल बांधा. मग मलमलच्या कापडातून वस्त्रगाळ करा. पिठाची चाळणी पुरत नाही. तिच्यातून टोकदार कण निसटतात, ते घशाला टोचतात आणि पोटातल्या आम्लात विरघळायलाही वेळ लावतात. चिमूटभर पूड दातांखाली धरून पाहा. कचकच लागली तर पुन्हा दळा. १२ टरफलांची ५५-६० ग्रॅम पूड निघते. कोरड्या काचेच्या बाटलीत भरा, वर तारीख लिहा आणि दोन-तीन महिन्यांत संपवा. गुठळ्या झाल्या किंवा वास आला, तर सरळ फेकून द्या.

किती घ्यायची? आधी जेवणातलं मोजा. १०० ग्रॅम नाचणीच्या पिठात सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, २०० मिलीच्या पेलाभर दुधात २४० च्या आसपास. खानापूर भागात नाचणीची भाकरी किंवा आंबील रोजची असेल आणि वर दोन पेले दूध जात असेल, तर ८०० च्या पुढे झालंच. त्या माणसाला अर्धा ग्रॅम पूड पुष्कळ. भात किंवा जोंधळ्याची भाकरी आणि चहापुरतंच दूध असेल, तर १ ग्रॅम घ्यावी. त्यातून ३८० मिलिग्रॅम मिळतं. त्यापुढे स्वतःच्या मनाने जाऊ नये. शरीर एका वेळी ५०० मिलिग्रॅमपर्यंतच कॅल्शियम नीट शोषून घेतं, आणि जास्तीने बद्धकोष्ठ होतं, मळमळतं. चमच्याचं माप फसवं, कारण पूड दाबून भरली की वजन वाढतं. घरचा काटा एक ग्रॅमपर्यंतच दाखवत असेल, तर १० ग्रॅम मोजून कागदावर त्याचे १० सारखे भाग करा आणि पुड्या बांधून ठेवा.

पूड पाण्यात विरघळत नाही. चहात किंवा पातळ आमटीत टाकली तर तळाशी बसते आणि शेवटचा घोट घेणाऱ्याच्या वाट्याला सगळी जाते. चार जणांच्या कणकेत ४ ग्रॅम आधी कोरड्या पिठात मिसळून मग मळणं सर्वांत सोपं. दाट ताकात किंवा आंबिलीतही चालते. घ्यायची ती जेवणाबरोबरच, कारण ती विरघळायला पोटातलं आम्ल लागतं. पालकाच्या भाजीबरोबर नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवतं. आम्लपित्तावर रोज पॅन्टोप्राझोलसारखी गोळी घेणाऱ्यांना ही पूड नीट पचत नाही. त्यांनी १ ग्रॅम पुडीवर दीड-दोन लिंबांचा म्हणजे २५ मिली रस घालून फेस पूर्ण बसू द्यावा. त्याचं कॅल्शियम सायट्रेट होतं, ते कमी आम्लातही शोषलं जातं. तळाशी पांढरा गाळ राहिला तरी तो ढवळून प्यायचा, ते सायट्रेटच असतं.

मुतखडा, किडनीचा विकार किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असेल, तर ही पूड घेऊ नये. लहान मुलांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. गरोदर बाईला सरकारी दवाखान्यातून कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात. त्या चालू असताना वरून ही पूड नको, दुप्पट होईल. रक्तवाढीच्या लोहाच्या गोळीत आणि पुडीत किमान दोन तास, थायरॉइडच्या गोळीत चार तास अंतर ठेवा. कॅल्शियम दोन्ही गोळ्यांचं शोषण अडवतं. टेट्रासायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन अशी प्रतिजैविकं चालू असतील, तर तेवढे दिवस पूड बंदच ठेवावी.

वस्त्रगाळ करताना उरलेला जाडसर चुरा अंड्यावर आलेल्या कोंबड्यांना वेगळ्या वाटीत ठेवा. त्या गरजेपुरता टिपतात आणि टरफलं घट्ट येतात. दाण्यात मिसळू नका, कारण तेच दाणे पिल्लंही खातात आणि जास्तीचं कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांना बाधतं. अर्धं टरफल मात्र तसंच कधी टाकू नका, नाहीतर कोंबडीला स्वतःचीच अंडी फोडून खायची सवय लागते.