खंडानंतर पुन्हा प्रसूती कक्षात: परिचारिका-प्रसविकांसाठी पुनर्प्रशिक्षणाचे मार्गदर्शन

लग्न, स्वतःचे बाळंतपण, घरातील आजारपण किंवा पतीची बदली अशा कारणांनी काही वर्षे काम सोडलेल्या परिचारिका-प्रसविका महाराष्ट्रात पुष्कळ आहेत आणि त्यांतील अनेकींना पुन्हा प्रसूती कक्षात रुजू व्हायचे असते. ‘आता हात चालेल का’ ही त्यांची पहिली भीती असते. माझ्या मते या भीतीला फार महत्त्व देऊ नये, कारण पोटावर हात ठेवून बाळाचे डोके ओळखणे किंवा कळांचा जोर जोखणे या गोष्टी सरावाने परत येतात. अधिक अवघड असतात त्या सवयी, ज्या अंगवळणी पडलेल्या आहेत परंतु आज अयोग्य ठरल्या आहेत. म्हणून पुनर्प्रशिक्षणाची आखणी करताना नवे काय शिकायचे याच्याइतकाच विचार जुने काय सोडायचे याचाही करावा.

सुरुवात मात्र कागदपत्रांपासून करावी. महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडील नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी सतत परिचर्या शिक्षणाचे, म्हणजे सीएनईचे, क्रेडिट गुण लागतात. मुदत संपून काही वर्षे लोटली असतील तर आपल्या प्रवर्गासाठी आज लागू असलेल्या अटी आणि शुल्क परिषदेच्या संकेतस्थळावर पाहून मगच कार्यशाळा निवडावी, कारण परिषदेची मान्यता नसलेल्या कार्यशाळेचे प्रमाणपत्र नूतनीकरणाला उपयोगी पडत नाही. जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसविका पदविका) झालेल्यांनी परिचारिका आणि प्रसविका या दोन्ही नोंदी चालू आहेत ना, हे तपासावे. भारतीय परिचर्या परिषदेच्या राष्ट्रीय नोंदवहीतील विशिष्ट ओळख क्रमांक काढलेला नसेल तर तोही याच वेळी काढून घ्यावा. 2023 च्या राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोग कायद्याने नोंदणीची चौकट बदलण्याची तरतूद केली आहे. अशा काळात आपली नोंद अद्ययावत असणे अधिकच गरजेचे आहे.

येथे एक बाब अनेकींना आडवी येते. पदविका आणि नोंदणी माहेरच्या नावाने असते, तर आधार आणि बँक खाते सासरच्या नावाने. विवाह नोंदणीचा दाखला आणि आवश्यक असल्यास राजपत्रात प्रसिद्ध झालेला नावबदल जवळ नसेल तर पुढचे सगळे अर्ज अडतात; म्हणून हे काम सर्वांत आधी हाती घ्यावे. शासकीय सेवेत जायचे असल्यास वयाची अटही आताच पाहावी. राज्याच्या सरळसेवा भरतीत ही मर्यादा सर्वसाधारणपणे खुल्या प्रवर्गासाठी 38 आणि मागास प्रवर्गांसाठी 43 वर्षे असते, तर कंत्राटी पदांच्या अटी त्या त्या जाहिरातीत दिलेल्या असतात. हिपॅटायटिस बी लशीचे तीन डोस पूर्ण झाले आहेत का, हेही पाहावे. पहिला, त्यानंतर एका महिन्याने दुसरा आणि सहाव्या महिन्यात तिसरा असा त्यांचा क्रम असल्याने ऐनवेळी घाई करून चालत नाही.

आता मुख्य विषयाकडे वळू. ज्यांचे शिक्षण वीस-पंचवीस वर्षांपूर्वी झाले त्यांना सरसकट एनिमा देणे, केस काढणे, पहिलटकरणीला एपिसिओटॉमी (योनीमुखाजवळचा छेद) घालणे आणि बाळ बाहेर येताच नाळ कापून तोंड-नाकातील स्राव ओढणे हे नित्याचे काम म्हणून शिकवले गेले होते. यांपैकी एकही गोष्ट आज सरसकट करावयाची नाही. बाळ रडत असेल तर ते कोरडे करून आईच्या छातीवर त्वचेला त्वचा लागेल असे ठेवायचे, नाळ एक ते तीन मिनिटांनी कापायची आणि पहिल्या तासात स्तनपान सुरू करायचे. बाळाने श्वास घेतला नाही तर पहिल्या एका मिनिटाच्या आत बॅग-मास्कने (हाताने दाबायच्या पिशवीला जोडलेल्या मास्कने) श्वास द्यायचा असतो. त्याचा वेग मिनिटाला 40 ते 60 ठेवायचा आणि प्रत्येक श्वासाबरोबर छाती उचलली जाते का, याकडे लक्ष द्यायचे. हे वाचून येत नाही. बाहुलीवर रोज सराव करावा, मास्कची कड गालाला नीट बसेपर्यंत करावा, आणि सहकारी घड्याळ धरून बसली असताना करून पाहावा.

कळा देताना पोट वरून दाबण्याची पद्धत तर पूर्णपणे सोडावी. ती आजही काही ठिकाणी चालते आणि नव्याने रुजू झालेल्या व्यक्तीला ‘जरा दाबा’ असे सांगितलेही जाते. त्या वेळी शांतपणे नकार देण्याची तयारी आधीच मनाशी करून ठेवावी.

प्रसूतीच्या प्रगतीची नोंद कशी करायची, हेही बदलले आहे. जुन्या पार्टोग्राफमध्ये, म्हणजे प्रसूतीच्या प्रगतीच्या आलेखात, गर्भाशयाचे तोंड 4 सेंटिमीटर उघडल्यावर नोंद सुरू होत असे आणि तासाला एक सेंटिमीटर ही अपेक्षा धरली जात असे. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेबर केअर गाइडमध्ये सक्रिय अवस्था 5 सेंटिमीटरपासून मोजतात, तासाला एक सेंटिमीटरची ती रेषा काढून टाकली आहे, आणि सोबतीला कोणी आहे का, वेदना कमी करण्यासाठी काय केले, बाई काय पीत आहे, यांच्याही नोंदी त्यात आहेत. आपल्या रुग्णालयात कोणता तक्ता वापरतात, हे पहिल्याच दिवशी विचारावे आणि दोन्ही भरता येतील इतका सराव करावा.

सर्वाधिक वेळ प्रसूतीपश्चात रक्तस्रावाला द्यावा. बाळाच्या जन्मानंतर एका मिनिटाच्या आत, दुसरे बाळ नसल्याची खात्री करून, गर्भाशय आकुंचित करणाऱ्या ऑक्सिटोसिनचे 10 युनिट स्नायूत देणे हे बहुतेकींना आठवत असते. ते औषध 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानात ठेवले नाही तर त्याचा गुण कमी होतो, याकडे मात्र दुर्लक्ष होते. रक्त किती गेले याचा नुसत्या नजरेने केलेला अंदाज बहुधा कमी भरतो. म्हणून खुणा केलेली रक्तमापन पिशवी बाईच्या खाली लावून रक्त मोजण्याची सवय करावी. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या देशांत झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशी मोजणी केली आणि गर्भाशयाचा मसाज, ऑक्सिटोसिन, रक्तस्राव कमी करणारे ट्रानेक्झामिक ॲसिड, शिरेतून द्रव आणि तपासणी हे उपचार एकामागून एक देत न बसता सगळे एकत्र सुरू केले, तेव्हा गंभीर परिणामांचे प्रमाण 60 टक्क्यांनी घटले. ट्रानेक्झामिक ॲसिड जन्मानंतर तीन तासांच्या आत द्यावे लागते. तुम्ही काम सोडले तेव्हा हे औषध प्रसूती कक्षाच्या ट्रेमध्ये बहुधा नव्हते.

गरोदरपणातील उच्च रक्तदाबामुळे येणाऱ्या झटक्यांसाठीचे मॅग्नेशियम सल्फेट हाताळण्याचा सरावही पुन्हा करावा. 50 टक्क्यांच्या 2 मिलिलिटरच्या एका ॲम्प्यूलमध्ये 1 ग्रॅम औषध असते. म्हणजे पुढील रुग्णालयात पाठवण्यापूर्वी प्रत्येक नितंबात 5 ग्रॅम द्यायचे तर प्रत्येक बाजूला पाच ॲम्प्यूल, 10 मिलिलिटर, खोल स्नायूत द्यावे लागते. दहा ॲम्प्यूल फोडून औषध भरायला किती वेळ लागतो, हे एकदा घड्याळ लावून करून पाहिले की तयारी आधीच का ठेवायची ते कळते.

बाईशी वागण्याची पद्धत हा प्रशिक्षणाचाच भाग आहे. ओरडणे, मांडीवर चापट मारणे, ‘आता रडतेस कशाला’ असे म्हणणे अनेकींनी विद्यार्थिदशेत पाहिले आहे आणि दमल्यावर तेच तोंडी येते. केंद्र सरकारने 2016 पासून प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवण्यास मान्यता दिली आहे. तिला दाराबाहेर न थांबवता आईच्या उशाशी बसवावे. ती कंबर चोळते, पाणी देते, धीर देते आणि आपलेही काम हलके होते.

हे सर्व कोठे शिकावे? शासकीय सेवेत आधीच असलेल्यांना 21 दिवसांचे कुशल प्रसूती परिचर प्रशिक्षण, नवजात शिशू सुरक्षा कार्यक्रमाचे प्रशिक्षण आणि कौशल्य प्रयोगशाळेतील सराव जिल्हा पातळीवरून मिळू शकतो. बाहेर असलेल्यांनी परिचर्या महाविद्यालयांच्या मान्यताप्राप्त कार्यशाळा पाहाव्यात आणि देखरेखीखाली काम शिकण्यासाठी ‘लक्ष्य’ (प्रसूती कक्षांच्या दर्जासाठीचा केंद्राचा कार्यक्रम) प्रमाणित शासकीय रुग्णालय किंवा फॉग्सी या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या ‘मान्यता’ कार्यक्रमातील खासगी रुग्णालय निवडावे, कारण त्या ठिकाणी ठरलेल्या मानकांनुसार काम तपासले जाते. मोठी उडी घ्यायची असलेल्या जीएनएम किंवा बीएस्सी परिचारिकांसाठी ‘नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवायफरी’ हा 18 महिन्यांचा अभ्यासक्रम केंद्राच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार आखलेला आहे. घर सांभाळून तो करणे कठीण आहे, तरी ज्यांना प्रसविका म्हणूनच पुढे जायचे आहे त्यांनी त्याचा गांभीर्याने विचार करावा.

रुजू होण्यापूर्वी व्यवस्थापनाशी लेखी ठरवून घ्यावे की पहिले तीन महिने अनुभवी प्रसविका किंवा डॉक्टर कक्षात असतानाच तुम्ही प्रसूती कराल आणि रात्रपाळीला एकट्या राहणार नाही. पहिले काही दिवस केवळ निरीक्षण, त्यानंतर सहाय्य आणि मग देखरेखीखाली स्वतः प्रसूती, असा क्रम असावा. प्रत्येक प्रसूतीची तारीख, तुम्ही काय केले, काय अडले आणि देखरेख करणाऱ्या व्यक्तीची सही एका वहीत नोंदवावी. रुग्णाचे नाव त्यात लिहू नये. ‘अनुभव आहे ना, मग लगेच ड्युटी लावतो’ असे एखाद्या ठिकाणी म्हटले गेले तर पगार बरा असला तरी ती जागा घेऊ नये.