पैसे गेल्यावरचा पहिला तास: या चुका टाळा

ओटीपी सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका, हे आता घराघरांत पाठ झालं आहे. पण खात्यातून पैसे वजा झाल्याचा मेसेज येऊन धडकल्यावर पुढच्या दहा मिनिटांत काय करायचं, हे विचारलं तर भलेभले गप्प होतात. वाचवता आले असते असे पैसे याच गोंधळात जातात. म्हणून आज फक्त फसवणूक झाल्यानंतरच्या चुकांबद्दल.

सकाळपर्यंत थांबणं

पैसे थेट चोरट्याच्या स्वतःच्या खात्यात जात नाहीत. कमिशनवर वापरायला घेतलेल्या कुणाच्या तरी खात्यात ते आधी पडतात, तिथून काही मिनिटांत चार-पाच खात्यांत फुटतात आणि मग एटीएममधून काढले जातात किंवा क्रिप्टोत वळवले जातात. रक्कम या साखळीत कुठल्यातरी बँकेत आहे तोवरच गोठवता येते. त्यामुळे ‘मुलगा संध्याकाळी आला की बघू’ किंवा ‘सोमवारी बँकेत जाऊन विचारू’ हे सगळ्यात महागात पडतं.

लगेच १९३० लावा. हा ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीसाठी केंद्र सरकारचा देशभरातला क्रमांक आहे. फोन लावण्याआधी कागदावर लिहून ठेवा: तुमची बँक आणि खाते क्रमांक, किती वाजता किती रक्कम गेली, आणि त्या व्यवहाराचा क्रमांक. यूपीआयमध्ये हा १२ अंकी असतो आणि व्यवहार उघडला की तपशिलात दिसतो. आपण नेमके इथेच अडखळतो. पलीकडून व्यवहार क्रमांक विचारला की आपण फोन कानावरून काढून ॲप शोधायला लागतो आणि तेवढ्यात फोन कट होतो. तक्रार नोंदली की ती संबंधित बँकांकडे जाते आणि शिल्लक रकमेवर रोक लावली जाते. लाइन लागत नसेल तर वाट बघू नका, ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’ या सरकारी संकेतस्थळावर स्वतः तक्रार भरा. १९३० वर नोंदवली असली, तरी तिथली सविस्तर तक्रार पूर्ण करावीच लागते. पुष्कळ जण नुसता फोन करून निर्धास्त होतात.

रक्कम छोटी आहे म्हणूनही सोडू नका. तुमच्या दोन हजारांच्या तक्रारीमुळे तेच खाते गोठतं आणि त्यात दुसऱ्या कुणाचे दोन लाख अडकलेले असू शकतात.

बँकेचा नंबर गूगलवर शोधणं

घाबरलेला माणूस ‘अमुक बँक कस्टमर केअर’ असं टाइप करतो आणि पहिला दिसेल तो नंबर लावतो. भामटे असे खोटे नंबर पेरून ठेवतात. नंबर घ्यायचा तो डेबिट कार्डाच्या मागचा किंवा पासबुकावरचा. बँकेला कळवल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा, कारण रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार सगळा हिशेब कळवण्याच्या वेळेवर ठरतो. चूक ना तुमची ना बँकेची, आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान तुमच्यावर येत नाही. ओटीपी तुम्हीच दिला असला, तरी कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. ‘चूक माझीच, आता काय तोंडाने सांगू’ असं म्हणून गप्प बसणाऱ्यांना हे माहीत नसतं, याचं फार वाईट वाटतं.

रागाने किंवा लाजेने सगळं पुसून टाकणं

चॅट डिलीट, नंबर ब्लॉक, फोन फॉरमॅट. घरच्यांना कळू नये म्हणून केलेली ही साफसफाई पुरावाच नाहीसा करते. आधी स्क्रीनशॉट, मग ब्लॉक.

व्हॉट्सॲपवर आलेली ‘लग्नपत्रिका’ किंवा ‘वाहन चलान’ उघडल्यावर हे झालं असेल, तर बहुधा ती एपीके फाइल होती, म्हणजे चक्क एक ॲप. आमच्या शेजारच्या काकूंनी असं ॲप काढून टाकलं म्हणून सांगितलं. प्रत्यक्षात फक्त त्याचं चिन्ह दिसेनासं झालं होतं. सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या पूर्ण यादीत ते बिनधास्त बसलेलं होतं आणि एसएमएस वाचायची परवानगी तशीच चालू होती. अशा वेळी पहिलं काम म्हणजे फोन एअरप्लेन मोडवर टाकणं आणि वायफायही बंद करणं. १९३० लावायचा तो घरातल्या दुसऱ्या फोनवरून, आणि पासवर्डही तिथूनच बदलायचे. बाधित फोनवर बदललेला पासवर्ड चोराच्याच हातात जातो. ते ॲप काढून फोन साफ झाल्यावर ##००२# डायल करून कॉल फॉरवर्डिंग रद्द करा, म्हणजे तुमचे कॉल दुसरीकडे वळवलेले असतील तर ते थांबतील.

‘पैसे परत मिळवून देतो’ म्हणणाऱ्यावर विश्वास

काही दिवसांनी फोन येतो: सायबर सेलमधून बोलतोय, तुमची रक्कम सापडली आहे, प्रोसेसिंग फी भरा. एकदा फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात. पोलीस फी मागत नाहीत. गोठवलेली रक्कम परत मिळते ती पुष्कळदा न्यायालयाच्या आदेशाने. त्यासाठी अर्ज करावा लागतो आणि वेळ लागतो. व्हिडिओ कॉलवर अटक करणारेही पोलीस नव्हेत. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाचं कायद्यात काहीच नाही, हे पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ ला ‘मन की बात’मध्ये सांगितलं होतं.

पैशांचं बघितलं, ओळखीचं विसरलं

ही चूक लगेच दुखत नाही, म्हणूनच ती जास्त घातक. आधार, पॅन आणि सेल्फी एकदा बाहेर गेली की त्यावर सिमकार्ड निघतं, कर्ज निघतं, आणि वसुलीचा फोन सहा महिन्यांनी तुम्हाला येतो.

आधारच्या सरकारी ॲपमध्ये जाऊन बायोमेट्रिक्स, म्हणजे बोटांचे ठसे वगैरे, लॉक करा. काही राज्यांत खरेदीखतावरच्या अंगठ्याच्या ठशांची नक्कल करून आधारवरून पैसे काढल्याची प्रकरणं झाली आहेत, तिथे ओटीपीची गरजच पडत नाही. रेशन दुकानात किंवा बँकेत ठसा द्यायचा असेल तेव्हा थोड्या वेळापुरतं अनलॉक करता येतं. त्याच ॲपमध्ये तुमचं आधार कधी आणि कुठे वापरलं गेलं याचा इतिहासही दिसतो, तो जरूर बघा. झेरॉक्स मागतील तिथे शक्यतो मास्क्ड आधार द्या, त्यात फक्त शेवटचे चार अंक दिसतात.

तुमच्या नावावर किती मोबाइल नंबर चालू आहेत, हे ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावर कळतं. न ओळखीचा नंबर दिसला तर तिथेच ‘हा माझा नाही’ म्हणून नोंदवा.

आणि क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे तुमच्या नावावरच्या कर्जांची नोंद. सिबिलसह चारही क्रेडिट कंपन्यांना वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावा लागतो. चौघींचे एकदम मागवू नका, तीन-तीन महिन्यांच्या अंतराने घ्या, म्हणजे वर्षभर नजर राहते. न घेतलेलं कर्ज दिसलं तर कर्ज देणारी संस्था आणि क्रेडिट कंपनी दोघींना लेखी कळवा, सोबत पोलीस तक्रारीची प्रत जोडा. ३० दिवसांत तक्रार निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याचा नियम आहे, तो अर्जात आवर्जून लिहा.