सीआयसी करताना मूत्रमार्ग कसा जपायचा

मणक्याची इजा, स्पायना बायफिडा (पाठीच्या कण्याचा जन्मजात दोष), दीर्घकाळचा मधुमेह किंवा एखादी शस्त्रक्रिया यामुळे लघवी आपोआप पूर्ण होत नसेल, तर दिवसातून चार ते सहा वेळा नळी घालून मूत्राशय रिकामे करावे लागते. याला सगळे सीआयसी म्हणतात, म्हणजे क्लीन इंटरमिटंट कॅथेटरायझेशन: स्वच्छ हातांनी, ठरावीक वेळाने नळी घालणे. १९७२ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातील युरॉलॉजिस्ट (मूत्रविकारतज्ज्ञ) जॅक लॅपिडीज यांनी दाखवून दिले की यासाठी ऑपरेशन थिएटरसारखी निर्जंतुकता लागत नाही. स्वच्छ हात आणि वेळच्या वेळी रिकामे होणारे मूत्राशय पुरते. तेव्हापासून ही पद्धत घराघरांत आली. मात्र वर्षाला दीड-दोन हजार वेळा एकाच नाजूक मार्गातून नळी जाते. तो मार्ग सहसा एखाद्या मोठ्या अपघाताने बिघडत नाही. रोजच्या कोरड्या, घाईच्या घर्षणाने आतले अस्तर सुजते, तिथे व्रण धरतो आणि मार्ग अरुंद होतो.

सुरुवात नळीच्या निवडीपासून होते. नळीची जाडी फ्रेंच नावाच्या एककात मोजतात. तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर. बहुतेक प्रौढांना १२ किंवा १४ नंबर चालतो, मुलांचा नंबर वयाप्रमाणे डॉक्टर ठरवतात. बाहेर राहणाऱ्या टोकाच्या रंगावरून नंबर ओळखता येतो: १० काळा, १२ पांढरा, १४ हिरवा. जाड नळीने काम लवकर उरकते म्हणून नंबर वाढवू नका, आणि फार बारीक नळीही घेऊ नका. ती वाटेत वळते, दुमडते आणि टोचते. पुरुषांसाठी साधारण ४० सेंमी लांबीची नळी लागते. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंमी असल्याने त्यांना आखूड नळी सोयीची.

घालण्यापूर्वी नळी उजेडात धरून टोकाजवळची दोन्ही छिद्रे पाहा. अस्तर तिथेच खरवडले जाते. छिद्राची कड गुळगुळीत हवी. खरखरीत वाटली, टोक चेपलेले दिसले किंवा नळी ताठ झाली असेल तर ती सरळ टाकून द्या.

साध्या पीव्हीसी (प्लास्टिकच्या) नळीला जेली लागतेच. पाण्यात विरघळणारी जेली घ्या. व्हॅसलिन, खोबरेल तेल किंवा कुठलीही क्रीम नको. पुरुषांच्या बाबतीत फक्त नळीला जेली लावली तर ती तोंडाशीच पुसली जाते आणि पुढचे १५ सेंमी कोरडे राहतात. म्हणून जेलीच्या नळकांड्याचे टोक किंवा सुई नसलेली सिरिंज मूत्रमार्गाच्या तोंडाशी टेकवून ५ ते १० मिली जेली हळूहळू आत सोडा. भूल देणारी लिग्नोकेन जेली असेल तर तीन ते पाच मिनिटे थांबा, नाहीतर तिचा उपयोग होत नाही. लिग्नोकेनची ॲलर्जी असेल किंवा ती रोज वापरायची असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. हायड्रोफिलिक नळीवरचे आवरण पाण्याने ओले होऊन निसरडे होते. पाकिटावर लिहिलेला वेळ पूर्ण होऊ द्या, वरून जेली लावू नका आणि ती वाळण्याआधी वापरा. वाळलेले आवरण बाहेर काढताना अस्तराला चिकटते.

हात साबणाने धुवा, जागा साबण-पाण्याने पुसा. स्त्रियांनी पुढून मागे. डेटॉल, सॅव्हलॉन लावू नका, त्याने अस्तराची जळजळ होते. पुरुषांनी शिश्न पोटाच्या दिशेला, वर उचलून हलकेच ताणून धरावे. त्याने पुढची वळकटी सरळ होते. नळी सावकाश सरकवत जा. १५ सेंमीच्या आसपास, लघवी रोखणाऱ्या स्नायूपाशी, ती अडते. बहुतेक इजा इथेच होते. अडली की ढकलू नका. नळी तशीच हलक्या दाबाने धरून ठेवा, लांब श्वास सोडा, जमल्यास लघवीला बसल्यासारखे अंग सैल करा किंवा एकदा खोका. स्नायू सैल झाला की नळी आपोआप पुढे जाते. ठोकर देत, मागे-पुढे करत घातली तर टोक भिंतीत घुसून खोटी वाट तयार होते, आणि मग दर वेळी नळी त्याच खोट्या वाटेला लागते. प्रोस्टेट वाढलेले असेल तर डॉक्टर वाकड्या टोकाची टिमॅन नळी देतात. तिचे टोक शेवटपर्यंत वरच्या बाजूला, पोटाकडे ठेवायचे.

स्त्रियांना मूत्रमार्गाचे तोंड आरशात पाहून शिकणे सोपे जाते. नळी चुकून योनीत गेली तर ती तिथेच राहू द्या, म्हणजे तोंड चुकणार नाही, आणि दुसरी नवी नळी वापरा.

लघवी सुरू झाली की नळी आणखी दोन-तीन सेंमी आत घाला, जेणेकरून दोन्ही छिद्रे मूत्राशयात राहतील. धार थांबली की झटकन ओढू नका. थोडी थोडी बाहेर घ्या. मध्येच पुन्हा लघवी आली तर थांबा. काढताना अडली तर कधी कधी आतले अस्तर छिद्रात ओढले गेलेले असते. थोडी आत सरकवा, जरा फिरवा, मग काढा. शिश्नाची त्वचा मागे घेतली असेल तर शेवटी ती पुढे आणायला विसरू नका, नाहीतर सूज येऊन ती अडकते.

एका वेळी निघणारी लघवी ४०० ते ५०० मिलीच्या आत राहावी. जास्त निघत असेल तर वेळा वाढवा. नेहमी १५० मिलीच निघत असेल तर वेळा कमी करता येतील का, ते युरॉलॉजिस्टना विचारा. विनाकारण घातलेली प्रत्येक नळी मूत्रमार्गाला महागात पडते.

दर वेळी नवी नळी वापरणे सर्वांत चांगले. खर्चामुळे डॉक्टरांनी पुनर्वापराला परवानगी दिली असेल, तर वापरल्याबरोबर साबणाने आत-बाहेर धुवा, वाहत्या पाण्याखाली खळखळून काढा, पूर्ण वाळवून स्वच्छ डब्यात ठेवा. पीव्हीसी नळी उकळू नका, ती विकृत होते. हायड्रोफिलिक नळी दुसऱ्यांदा कधीही वापरू नये.

सुरुवातीला रक्ताचा एखादा थेंब दिसू शकतो. रक्त थांबत नसेल, गाठी पडत असतील, नळी आत जाऊनही लघवी येत नसेल किंवा दोन-तीन सावकाश प्रयत्नांनंतर नळी जात नसेल, तर पुन्हा प्रयत्न न करता लगेच इस्पितळ गाठा. थंडी-ताप, अंडकोशाला सूज असेल तेव्हाही त्याच दिवशी दाखवा. आधी सहज जाणारी १४ नंबरची नळी आता अडू लागली, तर १२ नंबर घेऊन भागवू नका. मार्ग अरुंद होत असण्याचे ते लक्षण आहे, युरॉलॉजिस्टकडे तपासून घ्या. छातीच्या सहाव्या मणक्यावर किंवा त्याच्याही वर इजा असलेल्यांना नळी घालताना अचानक डोके ठणकणे, घाम येणे, चेहरा लाल होणे असे झाले, तर रक्तदाब धोकादायक वाढत असतो: उठून बसा, कपडे सैल करा, नळी आत असेल तर लघवी पूर्ण जाऊ द्या, आणि त्रास लगेच ओसरला नाही तर ताबडतोब इस्पितळात जा.