घरचा साबण खवट होऊ नये म्हणून

गणपतीत साबण ओतला की दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला तो हाताशी असतो. मधले सात-आठ आठवडे कोल्ड प्रोसेसच्या, म्हणजे तेल आणि कॉस्टिक सोडा न शिजवता केलेल्या, साबणाला मुरायला पुरेसे आहेत. अडचण असते ती हवेची. सुरुवातीचे काही आठवडे कोकणात, मुंबईत पावसाचेच जातात आणि मग वड्यांवर नारिंगी ठिपके येतात, पृष्ठभाग चिकट होतो, जुन्या खोबऱ्यासारखा वास येऊ लागतो. अशा वेळी ‘यात प्रिझर्वेटिव्ह कोणतं घालू?’ हा प्रश्न हमखास येतो. पण प्रिझर्वेटिव्ह जंतू आणि बुरशी रोखतं. साबण खराब होतो तो बहुतेक वेळा त्यात शिल्लक राहिलेलं तेल हवेतल्या ऑक्सिजनने खवट झाल्यामुळे, म्हणून खरी काळजी साबण ओतण्याआधीच घ्यायला हवी.

आधी तेलं निवडा

सूर्यफूल, करडई आणि सोयाबीन या तेलांत लिनोलेइक नावाचं स्निग्ध आम्ल भरपूर असतं आणि ते फार लवकर खवटतं. एकूण तेलात त्याचं प्रमाण 15 टक्क्यांच्या आत ठेवावं. हिशोब सोपा आहे. 1 किलो तेलात 700 ग्रॅम खोबरेल आणि 300 ग्रॅम सूर्यफूल घेतलं, तर सूर्यफुलात सुमारे 60 टक्के लिनोलेइक धरून त्याचेच 180 ग्रॅम झाले. खोबरेलाचे 14 ग्रॅम मिळवले की बेरीज 19 टक्क्यांवर जाते. पावसाळी हवेत हा साबण टिकायचा नाही. सूर्यफूल 150 ग्रॅमवर आणून उरलेल्या जागी मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल घाला. टाचांच्या भेगांना लावायला कोकणात ते घरोघर असतं. त्यात लिनोलेइक नावापुरतंच असल्याने ते टिकतं आणि वडीही कडक होते. मात्र तेल बदललं की कॉस्टिक सोड्याचं प्रमाण पुन्हा काढायलाच हवं.

तेल ताजं घ्या. तळणीतून उरलेलं किंवा वर्षभर कपाटात पडलेलं तेल अंगाच्या साबणात नको.

सोडा, पाणी आणि दोन भरवशाच्या वस्तू

कॉस्टिक सोडा नेहमीच वजनाने मोजा. सगळ्या तेलाचा साबण होण्याइतका सोडा न घेता 5 टक्के कमी घ्यायची पद्धत आहे, म्हणजे थोडं तेल त्वचेसाठी मोकळं राहतं. पावसाळ्यात या 5 टक्क्यांच्या वर जाऊ नका. ‘जास्त तेल म्हणजे जास्त मऊ त्वचा’ या मोहाने 10 टक्के ठेवणाऱ्यांच्या वड्यांवर ठिपके लवकर दिसतात, कारण खवटायला तेलच जास्त मिळतं.

नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यातला लोह-तांब्याचा अंशही तेल खवटायला मदत करतो. त्यामुळे डिस्टिल्ड वॉटरच वापरा. त्यात सोडा विरघळवण्याआधी तेलाच्या 1 टक्का, म्हणजे किलोला 10 ग्रॅम, सोडियम सायट्रेट घाला. ते धातूंना बांधून ठेवतं. त्याऐवजी सायट्रिक आम्ल घालणार असाल तर 10 ग्रॅम आम्ल सुमारे 6 ग्रॅम सोडा खातं, तेवढा सोडा वाढवावा लागतो. दुसरी वस्तू रोजमेरी ओलिओरेझिन, म्हणजे तेल खवटणं लांबवणारा रोजमेरीचा घट्ट अर्क, किलोभर तेलाला 1 ग्रॅम. तेल घरी आणल्याबरोबर हा अर्क तेलाच्या बाटलीतच मिसळून ठेवलेला उत्तम. सुवासिक रोजमेरी तेल ही वेगळी वस्तू आहे, तिने हे काम होत नाही.

ताजी पपई, काकडी, गुलाबाच्या पाकळ्या साबणात घालण्याचा आग्रह मी सोडायला सांगते. पाकळ्या तपकिरी पडतात आणि फळांचे तुकडे कुजण्याची भीती राहते.

मुरवताना

वाळवण म्हटलं की आपल्याला गच्ची आठवते, पण साबण उन्हात ठेवायचा नाही. ऊन आणि उष्णता दोन्ही तेल खवटवतात. वड्या कापल्या की बांबूच्या परडीत बटर पेपर घालून त्यावर उभ्या ठेवा, दोन वड्यांत बोटभर अंतर ठेवा. लोखंडी किंवा गॅल्व्हनाइज्ड जाळी टाळा. जिथे वडी तारेला टेकते, नेमके तिथेच नारिंगी डाग पडतात. वर्तमानपत्राची शाई वडीला लागते.

जागा अंधारी आणि स्वयंपाकघरापासून दूर हवी, फोडणीचा वास साबण पटकन घेतो. मुसळधार दिवसांत खिडक्या उघडून ओली हवा आत घेऊ नका. दार लावून मंद पंखा चालू ठेवा. हवेतली ओल शोषणारा डिह्युमिडिफायर असेल तर हेच त्याचे दिवस. आठवड्यातून एकदा वड्या उलटा आणि एका ठरावीक वडीचं वजन लिहून ठेवा. सुरुवातीला ते भराभर उतरतं, मग थांबत जातं. चार ते सहा आठवड्यांनी, लागोपाठ दोन आठवडे वजन तेच भरलं की साबण सुकला.

काय बिघाड, काय नाही

पांढरी पूड दिसली की लोक बुरशी समजून वडी टाकून देतात. बहुधा तो सोडा ॲश, म्हणजे धुण्याच्या सोड्याचा थर असतो, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने झालेला. ओल्या फडक्याने पुसला की जातो. पाण्यासारखे थेंब म्हणजे ग्लिसरीनने हवेतून ओढलेला ओलावा. कोरड्या कापडाने टिपून वडी पंख्याखाली ठेवा. व्हॅनिलाच्या सुगंधाने आलेला तपकिरी रंगही बिघाड नव्हे. नारिंगी ठिपका आणि सोबत खवट वास असेल तर मात्र ती वडी बाजूला काढा, भेट देऊ नका. ठिपका एखादाच असेल तर तेवढा भाग कापून उरलेली कपड्यांना वापरता येते.

साठवताना

पूर्ण सुकण्याआधी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली वडी आतल्या आत घामेजते. सुकल्यावर कागदात गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात, थंड आणि कोरड्या कपाटात ठेवा. डांबर गोळ्या त्या कपाटात नकोत. मेल्ट अँड पोरचा, म्हणजे तयार साबण वितळवून साच्यात ओतलेला, साबण याला अपवाद आहे, त्यात ग्लिसरीन जास्त असल्याने तो थंड होताच हवाबंद गुंडाळावा लागतो.

खोक्यावर साबण ओतल्याची तारीख आणि वापरलेली तेलं लिहा. जास्त सूर्यफुलाच्या वड्या आधी संपवा, खोबरेल-मुठेलाच्या मागे ठेवा.